कोंबड्यांसाठी आंबवलेलं खाद्य आणि जोडखाद्य: मुंबईच्या हवेतली पद्धत, वजनमापांसह

आंबवल्याने खाद्यात नवी प्रथिनं येत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तांदळाची कणी आणि मका भिजत घालून आंबवला की अंडी आपोआप वाढतील, अशी समजूत फार पसरली आहे. बादलीत खरं काय होतं? लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू धान्यातली साखर खातात आणि मिश्रणाचा पीएच (आम्ल वाढलं की उतरणारा आकडा) चार ते साडेचारपर्यंत उतरतो. धान्यात फायटिक आम्लाशी बांधलेला फॉस्फरस काही प्रमाणात मोकळा होतो. दाणा फुगून मऊ होतो. भरड्यातली भुकटी, जी एरवी कोंबडी चोचीने उडवून देते, ती दाण्याला चिकटून पोटात जाते. आणि आंबट मिश्रणात साल्मोनेलासारख्या जिवाणूंना वाढायला जड जातं. फायदे एवढेच, पण खरे आहेत. मुळात कमी प्रथिनांचं खाद्य असेल, तर आंबवल्यावर ते कमी प्रथिनांचं आंबट खाद्य होतं.

‘खाद्य निम्म्यावर येतं’ हा दुसरा दावा. तो बहुतेक वेळा ओल्या वजनाच्या गोंधळातून येतो. भिजून फुगलेल्या एका डब्यात कोरडा माल निम्म्याहून कमी असतो, आणि तेवढाच दिला तर कोंबडी उपाशी राहते. बचत होते ती सांडलवंड थांबल्यामुळे. म्हणून या लेखातली सगळी मापं कोरड्या वजनाची आहेत. डाळ-तांदूळ मोजायचा साधा स्वयंपाकघरातला काटा हाताशी ठेवा, अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

आधी कोरडा हिशोब

अंड्यावरची सुधारित जातीची कोंबडी (बीव्ही-३८०, ऱ्होड आयलंड रेड वगैरे) दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. गावठी कोंबडी ७० ते ९० ग्रॅमवर भागवते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १७ टक्के प्रथिनं आणि ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागतं. गोराई-मनोरीच्या गावठाणात किंवा आरेतल्या पाड्यावर कोंबड्या मोकळ्या फिरतात, किडे-गांडुळं स्वतः शोधतात, तिथे थोडं कमी चालतं. बैठ्या चाळीच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवरच्या खुराड्यात असलेल्या कोंबडीला मात्र तुम्ही घालाल तेवढंच मिळतं. सोसायटीत पाळायच्या असतील तर सोसायटीचे नियम आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाचं म्हणणं खाद्याच्या आधी विचारा.

घरच्या घरी दहा किलो खाद्याचं प्रमाण असं ठेवता येतं:

मका भरडा – ५ किलो
बाजरी – १ किलो
गव्हाचा कोंडा (चोकर) – ७०० ग्रॅम
सोयाबीन पेंड – १ किलो ८०० ग्रॅम
सुकट (वाळवलेला जवळा) – ४०० ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा – ९०० ग्रॅम
कोंबड्यांचं मिनरल मिक्श्चर, डायकॅल्शियम फॉस्फेट असलेलं – २०० ग्रॅम
मीठ – ३० ग्रॅम

यातून प्रथिनं पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास येतात. मक्यात नऊ, बाजरीत साडेअकरा, कोंड्यात पंधरा आणि सोया पेंडीत पंचेचाळीस टक्के धरले आहेत. म्हणजे पंचमांशापेक्षा कमी असलेली पेंड निम्म्याच्या जवळपास प्रथिनं पुरवते. पैसे वाचवायला लोक पहिल्यांदा तीच कमी करतात आणि मग अंडी का थांबली म्हणून विचारत फिरतात.

मका-बाजरी मस्जिद बंदरच्या दाणा बंदरात किंवा वाशीच्या बाजार समितीत घाऊक मिळते. चार-सहा कोंबड्यांना तेवढी लागत नाही, वाण्याकडून आणली तरी चालते. पेंड आणि मिनरल मिक्श्चर तबेल्यांच्या आसपासच्या पशुखाद्याच्या दुकानात मिळतं, पण तिथे दोन सावधगिऱ्या. गाई-म्हशींची गोळी पेंड घेऊ नका, तिच्यात युरिया असू शकतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो चालतो, कोंबडीला नाही. आणि सोयाबीन म्हणजे तेल काढून भाजलेली पेंडच हवी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. तो नीट जातो तो उष्णतेने, आंबवण्यावर त्यासाठी विसंबू नका.

शिंपल्या बादलीत घालायच्या नाहीत

तयार लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं भरड खाद्य) आणून तसाच भिजवला तर तो नीट आंबत नाही, सपक आणि उग्र वासाचा होतो. दोष पाण्याचा नसतो. लेयर मॅशमध्ये आठ-नऊ टक्के चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिवाणू आम्ल करतात आणि हा चुरा ते मारून टाकतो. पीएच पाचाच्या खाली उतरायलाच तयार नसतो, आणि तेवढ्या वेळात नको ते जिवाणू वाढतात. शिवाय अंड्याच्या कवचासाठी ठेवलेला चुरा बादलीतच विरघळायला लागतो.

म्हणून धान्य आणि कोंडा आंबवायचा, खनिजं आणि जीवनसत्त्वं खाद्य घालण्याच्या वेळी कोरडी मिसळायची, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवायचा. अंडी देणारी कोंबडी संध्याकाळच्या सुमारास स्वतःहून तिकडे जाते, कारण कवच रात्री बनतं. कोंबड्याला आणि तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) जादा कॅल्शियम नको असतं, तेही वेगळ्या वाटीने साधतं.

सुकटही बादलीत नको. जवळा आंबवला तर त्याचा वास शेजारी तीन घरं ओलांडून जातो आणि आम्ल पुरेसं व्हायच्या आत तो कुजण्याच्या वाटेला लागतो. सोया पेंड आंबवली तर चालते, पण तिच्यामुळे पीएच उतरायला जास्त वेळ लागतो. पहिले दोन आठवडे तीही बाहेर ठेवा, हात बसला की आत घ्या.

सहा कोंबड्यांसाठी एका दिवसाचा घाणा

भांडं दोन लिटरचं घ्या: चिनी मातीची बरणी, काचेची बरणी, स्टीलचा डबा किंवा खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम नको. जस्ताची बादली तर मुळीच नको. आम्लात जस्त उतरतं आणि कोंबडीला विषबाधा होते.

नळाचं पाणी क्लोरीनचं असतं. रात्री पसरट पातेल्यात उघडं काढून ठेवा, सकाळी वापरा. पातेल्यावर जाळीचं झाकण ठेवा, डास अंडी घालतात.

सकाळी बरणीत मका भरडा ३०० ग्रॅम, बाजरी ६० ग्रॅम, कोंडा ४० ग्रॅम घाला. बाजरी अख्खी असेल तर हलकी भरडून घ्या. वरून ६०० मिलिलिटर पाणी आणि ताज्या दह्यावरचं दोन मोठे चमचे निवळ पाणी घाला. घरचं, बिनमिठाचं ताकही चालतं. विकतचं मसाला ताक नको. विरजणाशिवायही धान्यावरच्या जिवाणूंवर मिश्रण आंबतं, पण पहिल्या घाण्याला दीड-दोन दिवस लागतात आणि त्या वेळात बुरशी पुढे निघून जाऊ शकते.

नीट ढवळा. दोन तासांनी पुन्हा बघा: भरडा फुगून पाणी पिऊन टाकतो. धान्यावर बोटभर पाणी उभं राहील इतकं आणखी घाला. धान्य पाण्याखाली राहणं हीच या सगळ्यातली कळीची गोष्ट आहे. लॅक्टिक जिवाणूंना हवा लागत नाही, बुरशीला लागते. कोंडा तरंगून वर येतो आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते, म्हणून पहिल्या दिवशी तीन वेळा ढवळून तो खाली दाबा.

तोंडावर पातळ सुती कापड दोऱ्याने घट्ट बांधा आणि वर झाकण सैल ठेवा. वायू बाहेर जायला जागा हवी. झाकण आवळलं तर प्लास्टिकचा डबा फुगतो, काचेची बरणी तडकते. भांडं निम्म्याच्या थोडं वरपर्यंतच भरा. उन्हात ठेवू नका. मुंग्या येत असतील तर परातीत पाणी घालून त्यात बरणी ठेवा आणि ते पाणी रोज बदला.

झालं हे कसं ओळखायचं? नाकाने. स्वच्छ आंबट वास, ताकासारखा. चमच्याने ढवळल्यावर बारीक बुडबुडे सुटतात, दाणा बोटाने चिरडतो. खात्री हवी असेल तर पीएच पट्टी बुडवा: ४.५ किंवा खाली आला की तयार, ५ च्या वर असेल तर थांबा. पट्टी स्वस्त असते, आणि पहिले काही घाणे ती लावलीच पाहिजे असं आमचं मत आहे, कारण नाकाला आंबट आणि कुजका यातला फरक कळायला सवय लागते.

अर्धा कप आंबट पाणी काढून पुढच्या घाण्यात विरजण म्हणून घाला. दोन-तीन आठवड्यांनी ही साखळी तोडा, भांडं गरम पाण्याने घासून उन्हात वाळवा आणि नव्या दह्याच्या पाण्याने सुरुवात करा. तेच पाणी महिनोनमहिने फिरवलं की त्यात यीस्ट वरचढ होतं.

घड्याळ ऋतूप्रमाणे बदलतं

थंड प्रदेशासाठी लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये तीन-चार दिवस आंबवा म्हणतात. मुंबईत ते लागू नाही. एप्रिल-मेमध्ये सावलीतही पारा ३३-३४ अंशांवर असतो. जुन्या पाण्याचं विरजण असेल तर १८ ते २४ तासांत काम होतं. पावसाळ्यात २४ तास धरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असतात, तेव्हा ३६ ते ४८ तास लागतात. म्हणजे बहुतेक वर्षभर दोन बरण्या पुरतात, एक आजची, एक उद्याची. थंडीत तिसरी लागते.

तयार झालेला माल उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. बाहेर ठेवला तर मेमध्ये दुसऱ्या दिवशी दारूचा वास येतो.

कोंबड्यांना खाद्य वाढताना

वरचं जादा पाणी ओतून घ्या आणि त्यातलं अर्धा कप विरजणाला ठेवा. ओल्या धान्यात ११० ग्रॅम सोया पेंड घालून पाच मिनिटं थांबा. पेंड उरलेलं पाणी ओढून घेते आणि मिश्रण मोकळं होतं. मग २५ ग्रॅम सुकटीची भुकटी, १२ ग्रॅम मिनरल मिक्श्चर आणि पाव छोटा चमचा मीठ मिसळा. सुकट खारवलेली निघाली तर मीठ वगळा. मुठीत दाबल्यावर पाणी ओघळू नये, सोडल्यावर मूठ फुटावी, असा ओलावा हवा. पातळ खीर घातली तर कोंबड्या चोचीने ती छातीच्या पिसांवर आणि भुशावर उडवतात, आणि ओल्या भुशातून अमोनिया व माश्या येतात.

हे खाद्य सकाळी घाला, सहा-सातच्या सुमारास, भूक असताना. प्रत्येक कोंबडीला भांड्याच्या काठावर निदान दहा सेंटिमीटर जागा मिळावी. ओलं खाद्य त्यांना जास्त आवडतं, म्हणूनच त्यावरून मारामारी होते आणि दबलेली कोंबडी उपाशी राहते. दोन भांडी लांब-लांब ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो. एवढ्या मापाचं एकदम संपणार नाही: दोन तृतीयांश सकाळी, उरलेलं दुपारी चार वाजता. तासाभरात भांडं रिकामं झालं पाहिजे. उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त पडून राहिलेलं उचला आणि पुढच्या दिवशी कमी घाला.

रात्री काहीही ओलं खुराड्यात राहू देऊ नका. उंदीर-घुशी येतातच, आणि पावसाळ्यात त्यांच्याबरोबर लेप्टोस्पायरोसिसचा धोका तुमच्याच अंगणात येतो. दिवसा कावळे आणि कबुतरं येतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू आला तेव्हा मेलेले कावळेही त्यात सापडले होते. खाण्याची जागा जाळीच्या आत ठेवा.

कोरड्यावरून ओल्यावर आठ-दहा दिवसांत न्या. पहिले तीन दिवस पाव हिस्सा, मग निम्मा. या काळात विष्ठा थोडी सैल होते, ती आठवड्याभरात जाग्यावर येते. आली नाही तर कारण दुसरं आहे. स्वच्छ पिण्याचं पाणी ओल्या खाद्यावरही तेवढंच लागतं, मेमध्ये तर दोनदा बदलून.

अख्खे दाणे देत असाल तर दोन ते चार मिलिमीटरची बारीक खडी वेगळी ठेवा. दात नसलेल्या पक्ष्याचं दळण तिच्यावर चालतं. शिंपल्या ते काम करत नाहीत, त्या पोटात विरघळतात. चौपाटीवरची वाळू आणलीच तर चार पाण्यांतून धुऊन मीठ काढा.

पिल्लांना पहिले दहा दिवस कोरडं स्टार्टरच (पिल्लांचं तयार खाद्य) द्या. नंतर थोडं आंबवलेलं चालतं, पण स्टार्टरमध्ये कॉक्सिडिओसिसचं (आतड्याच्या एका रोगाचं) औषध असेल तर ते भिजवू नका, मात्रा बिघडते.

बिघाड आणि त्याची कारणं

वर पांढरा, पातळ, सुरकुतलेला थर आला तर बहुतेक वेळा ते यीस्ट असतं. वास आंबटच असेल तर थर काढून टाका, ढवळा आणि त्याच दिवशी संपवा. पुन्हा-पुन्हा येत असेल तर पाणी कमी पडतंय किंवा ढवळणं होत नाही. थर केसाळ असेल, किंवा हिरवा, काळा, गुलाबी दिसत असेल, तर ती बुरशी. वरचं काढून खालचं देऊ नका, तिचे धागे आणि विष खालपर्यंत गेलेलं असतं. सगळं फेकून भांडं उकळत्या पाण्याने धुवा.

दारूचा किंवा नेलपॉलिशसारखा वास आला की वेळ जास्त झाला. थोडा असेल तर परातीत अर्धा तास पसरून ठेवून मग द्या, भपकारा असेल तर फेका. ओकारीसारखा किंवा कुजका वास आला तर लॅक्टिक जिवाणू हरले; कारण बहुतेकदा पेंड किंवा सुकट जास्त, चुनखडी आत गेलेली, किंवा भांडं न धुतलेलं. हे खाद्य कधीच देऊ नका, मातीत पुरा.

दोन दिवस झाले तरी बुडबुडे नाहीत? क्लोरीन, थंडी किंवा आत गेलेला लेयर मॅश, या क्रमाने तपासा. पीएच पट्टी ४.५ दाखवत असेल तर मात्र बुडबुड्यांची वाट बघू नका, काम झालेलं आहे.

कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. ती मऊ, फुगलेली आणि तोंडाला आंबूस घाण वास असेल तर पिशवीत बुरशी वाढली आहे. आंबवलेलं ताबडतोब बंद करा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा; परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात मोठं जनावरांचं रुग्णालय आहे. उलटं धरून पिशवी पिळून काढायचा जो उपाय सांगतात तो करू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच मरते.

कवच पातळ झालं तर दोष आंबवण्याला देण्याआधी शिंपल्यांची वाटी बघा. बहुतेक वेळा ती पावसाने भरलेली किंवा रिकामी असते.

पावसाळा आणि अफ्लाटॉक्सिन

या सगळ्यात सर्वांत धोकादायक चूक हीच आहे: मका थोडा खवट झाला, शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास येतोय, ‘आंबवून टाकू, चालून जाईल.’ चालत नाही. बुरशी मरते, पण तिने केलेलं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, राहतं. धुऊन, उकळून, आंबवून ते भरवशाने जात नाही. कोंबडीचं यकृत खराब होतं, अंडी घटतात, लस दिलेली असूनही रोग धरतात. नुकसान हळू होतं, म्हणून कारण लक्षात येत नाही.

मक्यात ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला वाट मोकळी, आणि जून ते सप्टेंबर मुंबईची हवाच पाण्याने भरलेली असते. त्या चार महिन्यांत दोन आठवड्यांपुरतंच खाद्य आणा. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. झाकणाच्या ड्रममध्ये भरा, ड्रम लाकडी पाटावर ठेवा. ऊन पडलं की दाणे पसरून वाळवा आणि गार झाल्यावरच भरा. गरम भरले तर झाकणाला घाम येतो. गुठळ्या, हिरवट-पिवळी झाक, कुबट वास दिसला तर ती गोणी दुकानदाराला परत करा. शेंगदाणा पेंड या काळात घेऊच नये. ती स्वस्त मिळते तेव्हा तर नाहीच.

जोडखाद्य: काय खरंच उपयोगी

अॅझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या वनस्पतीचं कौतुक खूप होतं. वाळवलेल्या अॅझोलात वीस ते अठ्ठावीस टक्के प्रथिनं असतात हे बरोबर, पण ताजा अॅझोला चौऱ्याण्णव टक्के पाणी असतो. कोंबडीला रोज ५० ग्रॅम ताजा घातला तर त्यातलं कोरडं तीन ग्रॅम, आणि प्रथिनं जेमतेम पाऊण ग्रॅम. तिची रोजची गरज सतरा ग्रॅमच्या आसपास आहे. तेव्हा अॅझोला हा हिरवा चारा समजा: बलक केशरी होतो, कोंबड्या रमतात. पेंडीची जागा तो घेत नाही.

करायचा असेल तर एक चौरस मीटर वाफा पुरे. विटांची चौकट, त्यावर जाड ताडपत्री, तीन-चार किलो चाळलेली माती, पाऊण किलो शेण पाण्यात कालवून, १० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि दहा सेंटिमीटर पाणी. वरून पाव किलो अॅझोला सोडा. आठ-दहा दिवसांत वाफा भरतो, मग रोज दीडशे-दोनशे ग्रॅम काढता येतो. ३५ अंशांच्या वर तो करपतो, म्हणून उन्हाळ्यात ५० टक्के सावलीची जाळी लावा. चाळणीत धुऊन शेणाचा अंश काढूनच घाला. गच्चीवर करत असाल तर लक्षात घ्या: एवढ्या वाफ्यात शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, शिवाय माती. आणि साठलेलं पाणी म्हटलं की महापालिकेचं कीटकनाशक खातं डासांच्या अळ्या शोधत येतं, नोटीस लागते. वाफ्यात गप्पी मासे सोडा आणि वर बारीक जाळी लावा. हे जमणार नसेल तर अॅझोलाचा नाद सोडलेला बरा.

प्रथिनांसाठी खरा पर्याय हवा तर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या. मुंबईची उष्ण दमट हवा त्यांना जवळपास वर्षभर मानवते. १०० ग्रॅम ताज्या अळ्यांत पस्तीस-चाळीस ग्रॅम कोरडा भाग, त्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं. झाकणाच्या टबात भाजीची देठं आणि फळांच्या साली घाला, तळाला पाणी निचरायला भोकं ठेवा आणि एका बाजूला ३५ ते ४५ अंशांचा उतार द्या. पूर्ण वाढलेल्या गडद अळ्या स्वतः चढून वरच्या डब्यात पडतात. वास यायला लागला तर टब ओला झालाय, सुका भुसा किंवा कोकोपीट मिसळा. मांस-मासळी त्यात नको. कोंबडीमागे १० ते १५ ग्रॅम ताज्या अळ्या बस. चरबी भरपूर असते, जास्त दिल्या तर कोंबडी सुटते आणि अंडी कमी होतात. एवढ्या अळ्या दिल्या तर सुकट अर्ध्यावर आणता येते.

सुकट घेताना वर्सोवा, मढ किंवा मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात बिनमिठाची आहे ना हे चाखून बघा. जवळा बहुधा मीठ न लावता वाळवतात, पण त्यात वाळू येते, चाळून घ्या. खारवलेला बांगडा वगैरे कोंबड्यांना देऊ नका. खाद्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त सुकट झाली तर अंड्याला मासळीचा वास येतो. ताज्या कोळंबीची डोकी, मासळीची आतडी द्यायची तर बिनमिठाच्या पाण्यात वीस मिनिटं उकळून द्या. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर जातो.

शेवग्याचा पाला उत्तम आणि फुकट. सावलीत वाळवून खाद्याच्या पाच टक्क्यांपर्यंत मिसळा. भायखळा किंवा दादरच्या भाजी बाजारात सकाळी कोथिंबिरीची देठं, कोबीची पानं, मेथीच्या काड्या पडलेल्या मिळतात. धुऊन, बारीक चिरून द्या, लांब दोरे गळ्याखालच्या पिशवीत अडकतात. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. अळूची पानं कच्ची देऊ नका.

बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीतला उरलेला जवाचा चोथा मिळाला तर वाळल्यावर त्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, पण तंतू बरेच आणि पाणी पाऊण हिस्सा. आणल्या दिवशीच वापरा किंवा घाण्यात घालून आंबवा, कोरड्या वजनाने दहा टक्क्यांपर्यंत.

घरातला उरलेला भात, बिनमिठाची चपाती हे पोट भरतं, अंडी देत नाही. एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर नेऊ नका. इडलीचं पीठ मीठ घालण्याआधी काढून ठेवलं तर ते आयतं आंबवलेलं खाद्यच आहे. लोणचं, पापड, फरसाण, चहाचा चोथा, हिरवा पडलेला बटाटा, अॅव्होकॅडो, कच्चा राजमा आणि इतर कच्ची कडधान्यं, शिळा बुरशी धरलेला पाव, हे कधीच नाही. पावाची बुरशी वरून एका ठिपक्याएवढी दिसते, आत मात्र ती सगळ्या लादीभर पसरलेली असते.

कोणताही बदल केला की निदान तीन आठवडे तसाच ठेवा, त्या काळात दुसरं काही बदलू नका, आणि दर रविवारी अंड्यांची संख्या, एका अंड्याचं वजन आणि एखाद-दुसऱ्या कोंबडीचं वजन वहीत लिहा. छातीचं हाड हाताला धारदार लागायला लागलं तर ओलं खाद्य दिसतंय भरपूर, पण कोरडा माल कमी पडतोय. कोंबडीमागे दहा ग्रॅम वाढवा. पिसं झडण्याच्या काळात अंडी थांबतात, तेव्हा आकडे पडले म्हणून घाण्यात बदल करू नका. त्या काळात सुकट किंवा अळ्या थोड्या वाढवा, शिंपल्यांची वाटी आहे तिथेच राहू द्या.